गणेशखिंडीतून मंडईकडे

ऑक्टोबरातली संध्याकाळ. साडेपाच वाजून गेलेत, पण डांबर अजून दुपारचंच आहे; चपलेच्या तळव्यातून ते कळतं. विद्यापीठ चौकात औंधकडून, बाणेरकडून, पाषाणकडून गाड्या येतात आणि पुण्यात शिरणाऱ्या एकाच रस्त्याला तोंड लावून थांबतात. डोक्यावर दोन मजले आहेत. सगळ्यात वर मेट्रोचा मार्ग, त्याखाली मोटारींचा पूल. तळाला आम्ही. इथे आधीही एक पूल होता. उभारून जेमतेम पंधरा वर्षं होतात न होतात तोच, २०२० साली, तो पाडला गेला. मेट्रोला वाट हवी होती. त्याच्या जागी हा दुमजली उभा राहिला. खालची रांग मात्र जुनीच आहे.

सिग्नलवरचे आकडे उलटे धावताहेत. एकशे दहा, एकशे नऊ. सर्वांत पुढे दुचाक्या. झेब्रा पट्टे केव्हाच त्यांच्या चाकांखाली गेलेत. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधलेल्या मुली. सॅक पोटाशी घेतलेली पोरं. पायांपाशी गॅसची टाकी आडवी ठेवलेला एक स्कूटरवाला, दोन्ही गुडघे बाहेर. त्यांच्यामागे चारचाक्या. काचा वर, एसी चालू. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या पोटरीला त्या एसीची गरम फुंकर लागते.

मी कडेकडेने रांगेच्या उलट दिशेला चालत जातो आणि काचांतून डोकावतो. कुणाला राग येत नाही, कारण कुणाचं लक्षच नाही. एका पांढऱ्या गाडीत चष्मेवाले गृहस्थ एकटे आहेत. बूट काढून ठेवलेत, डावा पाय सीटवर दुमडून घेतलाय, समोर अडकवलेल्या मोबाइलवर क्रिकेट चाललंय. शेजारच्या सीटवर डबा. मागची अख्खी सीट लॅपटॉपच्या बॅगेला दिलेली. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे बारीक लाल दिवा. पुढच्या गाडीतही एकटाच. त्याच्या पुढच्या गाडीत बाई एकट्या, फोनवर घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगताहेत. वीसेक गाड्या पाहून होतात. चौघं बसलेली गाडी एकच सापडते, तीही कंपनीची कॅब.

सिग्नल हिरवा होतो. पुढच्या दुचाक्या सुटतात, पाच-सहा गाड्या निघतात, आणि तेवढ्यात सेनापती बापट रस्त्याच्या तोंडाशी पुढची रांग आडवी येते. पुन्हा लाल. हॉर्न वाजवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की कुणी हलणार नाही. तरी वाजवतात. हात मोकळा असतो, म्हणून बहुधा.

बसथांब्यावर पन्नासएक माणसं उभी आहेत. छपराची सावली दहाजणांना पुरते. बाकीचे जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत, आणि फलकाची सावली जशी सरकते तसे तेही सरकतात. थांब्याच्या पुढ्यात तीन रिक्षा आणि एक 'दोन मिनिटांत आलो' असा चेहरा केलेली मोटार. त्यामुळे बस येते ती रस्त्याच्या मध्यावरच थांबते. मग पन्नास माणसं दुचाक्यांमधून वाट काढत पळतात. एक आजी पिशवी छातीशी धरून हात वर करतात. दुचाकीवाला थांबत नाही, वळसा घालतो. मागून कुणीतरी त्यांना दंडाला धरून वर चढवतं. त्यांच्यामागून मीही चढतो.

"पुढे सरका, पुढे सरका. पुढं सगळं रिकामं आहे."

पुढे काहीही रिकामं नाही. कंडक्टर हे वाक्य सवयीने म्हणतो आणि लोक सवयीने दोन बोटं सरकतात. किमान तिकीट १० रुपये. सुट्ट्यांची कटकट आता कमी झाली आहे, बरेचजण फोनवरून पैसे देतात. पण कंडक्टरच्या गळ्यातला कोड स्कॅन करायला दांडा सोडावा लागतो, आणि दांडा सोडला की शेजाऱ्याच्या पायावर पाय. बसमध्ये वास आहे तो घामाचा, डिझेलचा नाही. सीएनजीची गाडी. इंजिनाच्या बाजूला उभ्या असलेल्यांना मात्र भट्टीची धग लागते.

बस निघते आणि उभी राहते. खिडकीतून दिसणारं फर्निचरचं दुकान बराच वेळ तेच राहतं. आत एक सोफा आहे. त्याची किंमत मला पाठ होते.

उभ्या उभ्या हिशेब करायला हे ठिकाण चांगलं. आमची बस १२ मीटर लांब. आत साठ-सत्तर जण. एवढीच माणसं बाहेरच्या गाड्यांत बसवायची तर, गाडीमागे दीड माणूस धरला, तर चाळीस गाड्या लागतील. एक गाडी चार मीटरची, पुढेमागे थोडी फट धरून पाच. म्हणजे २०० मीटरची रांग. आमच्या बारा मीटरला त्या दोनशे मीटरच्या मागे उभं राहायला लावलंय. बस उशिरा येते म्हणून लोक गाडी घेतात, आणि त्यांनी गाडी घेतली म्हणून बस आणखी उशिरा येते. शहरातल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा २०१८ सालीच ३६ लाखांच्या पुढे गेला होता. माणसं तेव्हा ३५ लाखांच्या घरात होती. बस मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे मिळून आजही दोन हजारांच्या आसपास. लाख लोकांमागे ६० बस असाव्यात असा सरकारीच मापदंड आहे. दोन्ही शहरांची वस्ती सत्तर लाख धरली तरी चार हजारांवर हव्यात.

"दहा किलोमीटरला अर्धा तास," माझ्या शेजारी लटकलेला मुलगा म्हणतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "जगात चौथा नंबर आलाय आपला."

आकडा त्याला बरोबर ठाऊक आहे. २०२४ सालच्या एका जागतिक पाहणीत पाचशे शहरं मोजली होती. पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात असं निघालं. कोलकाता आणि बंगळूर आपल्या पुढे. तासाला १८ किलोमीटर हा वेग झाला. जोर लावून सायकल दामटली तर जवळपास तेवढाच पडतो.

मुलगा दोन वर्षं ऑनसाइट सिंगापूरला होता. "तिथं गाडी घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही, काका. गाडीपेक्षा गाडी घ्यायचा परवाना महाग. आणि तोही दहा वर्षांचाच."

"मग इथे?"

"इथे पगार वाढला की पहिली गाडीच. घरचे म्हणतात, मुलगी बघायला जाताना बसने जाणार का?"

आसपासचे दोन-तीन जण हसतात. सिंगापूरने १९७५ सालीच शहराच्या मध्यभागात सकाळी गाडी आणायचे पैसे लावले. परवान्यांचा लिलाव १९९० मध्ये सुरू झाला. लंडनने मध्यवर्ती भागात शिरायला २००३ साली ५ पौंड घेतले, आणि नंतर ते वाढवतच नेले. दोन्हीकडे लोक चिडले. दोन्हीकडे त्या पैशाच्या जोडीला बस होती, ही गोष्ट सांगताना लोक विसरतात.

कंडक्टर आता तिकिटं संपवून दाराशी टेकला आहे. पन्नाशीचा असेल. बसला स्वतंत्र लेन असावी का, असं मी विचारतो. तो आधी माझ्याकडे नीट बघून घेतो, हा कुठल्या पेपरचा आहे का म्हणून.

"होती की. कात्रज ते स्वारगेट ते हडपसर. २००६ चा डिसेंबर. देशातली पहिली. मी नवीनच लागलो होतो. आम्ही मधून जायचो, बाजूला सगळे उभे." तो तळहाताने बस कशी जायची ते दाखवतो. "मग टू-व्हीलर घुसल्या. मग रिक्षा. मग ज्याची गाडी मोठी तो. नगर रोडची त्यामानाने चांगली केलेली, तर तीही २०२३ ला काढायला घेतली."

"का?"

"गाड्यांना रस्ता कमी पडत होता." हे तो चेहरा न हलवता म्हणतो.

राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण २००६ सालचंच आहे. रस्त्याची जागा वाटताना वाहनांआधी माणसांचा विचार करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वाचायला फार चांगलं धोरण आहे.

सिमला ऑफिस चौकाच्या अलीकडे बस चौथ्यांदा पूर्ण बंद पडल्यासारखी उभी राहते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. लगेच दहा-बारा जण दार उघडायला सांगतात. मीही उतरतो. फुटपाथवर पाय टेकताच बाहेरची गरम हवासुद्धा गार वाटते. उतरलेले सगळे एका ओळीत पुढे चालू लागतात आणि पाहता पाहता आमच्या पुढची बस, तिच्या पुढची मोटार, तिच्या पुढचा टँकर मागे पडतो. कुणी वळून बघत नाही. हे रोजचं आहे.

जंगली महाराज रस्त्यावर आल्यावर एकदम मान मोकळी होते. इथला फुटपाथ काही वर्षांपूर्वी रुंद केला. झाडं आत घेतली, बाकं टाकली, मुलांना चढायला-घसरायला खेळणी ठेवली. हा रस्ता १९७० च्या दशकात बांधला आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही, हे पुण्यात अजून नवीन माणसाला ऐकवलं जातं. आता त्याच्या डांबराइतकीच त्याच्या फुटपाथची कौतुकं व्हायला हरकत नाही. एक आजोबा बाकावर काठी मांडीवर आडवी ठेवून बसलेत. दोन कॉलेजकन्यका एकाच कणसावर. बाळाची ढकलगाडी घेऊन एक जोडपं चाललंय. पुण्याच्या रस्त्यावर ढकलगाडी दिसणं ही लहान गोष्ट नाही. बहुतेक फुटपाथवर ती उचलूनच न्यावी लागते. फुटपाथ रुंद झाला तेव्हा गाड्यांची जागा गेली म्हणून ओरड झाली होती. आज ज्यांना ती आठवते तेही याच बाकांवर बसतात.

सायकलींचा पट्टा निराळा आखलाय. त्यावर ओळीने मोपेडी लावलेल्या. एका मोपेडच्या सीटवर पाणीपुरीची प्लेट. कधीकाळी या शहराला सायकलींचं शहर म्हणत. २०१७-१८ च्या सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या होत्या, फोनवर कुलूप उघडायचं. कॉलेजच्या पोरांनी दोन महिने धमाल केली. मग त्या कुठे नाल्याकाठी, कुठे सोसायटीच्या जिन्याखाली सापडू लागल्या. आत्ता या पट्ट्यावर एकच सायकल आहे, वॉचमनची, डब्याची पिशवी हँडलला. तोही मोपेडींमुळे पट्टा सोडून रस्त्यावरूनच चालवतोय.

रस्त्याच्या कडेला एक निळी गाडी अगदी सावकाश चाललीय. आतले दोघं डावीकडे बघताहेत. जागा शोधताहेत. थोड्या वेळाने ती पुन्हा मागून येते. रस्ता एकेरी आहे, तेव्हा ती अख्खा फेरा मारून आली असणार. मला एका हॉटेलसमोर चहा मिळतो, तो पिऊन होतो, आणि निळी गाडी तिसऱ्यांदा. या तासाला इथल्या गर्दीतल्या कितीतरी गाड्या कुठेच जात नसतात. पोचलेल्या असतात, थांबायला जागा नसते.

डेक्कनवर माणसं, गजरे, मोबाइलची कव्हरं, पेरूच्या फोडी. लकडी पुलाच्या तोंडाशी गर्दीचा रेटा इतका की कठड्याला धरूनच पुढे सरकावं लागतं. या पुलावर कित्येक वर्षं दुचाकींना बंदी होती. चारचाकीला नव्हती. दोन माणसांना नेणारी स्कूटर लांबच्या पुलावरून वळसा घालून जायची आणि एका माणसाला नेणारी मोटार सरळ. वर्षानुवर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. फलक होता, हवालदार होता, पावती होती. नदीत पाणी कमी आहे. वास पुरेसा आहे.

अलका चौक ओलांडायला वेळ लागतो. पाच बाजूंनी गाड्या, आणि चालणाऱ्यांसाठी हिरवा माणूस पेटतो तो अर्धा रस्ता जाईपर्यंत विझतो. आम्ही वीसजण एकदम उतरतो. एकट्याला गाड्या जुमानत नाहीत, घोळक्याला थांबतात. पुढे असलेल्या बाईंनी नुसता हात आडवा धरलाय. सराईत हात आहे.

लक्ष्मी रस्त्याला लागण्याआधी मी एका बोळात शिरतो. पेठेतला बोळ. एका अंगाला 'पी-१', दुसऱ्या अंगाला 'पी-२'. विषम तारखेला पहिल्या बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगेपर्यंत तारीख बदलते. आज सम तारीख आहे. तरीही गाड्या दोन्हीकडे आहेत आणि मधून एक रिक्षा जेमतेम जाते, आरसे मिटून. जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीच्या फाटकावर पाटी: 'गेटसमोर गाडी लावू नये. लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल.' पाटीखाली गाडी आहे. चाकात हवा आहे. मालकाचीच असावी.

पाटीशेजारी पायरीवर एक काका वर्तमानपत्राने वारा घेत बसलेत. समोरच्या करड्या गाडीकडे बोट करून मी विचारतो, "तुमची का?"

"मुलाची. आयटीत आहे, कंपनीच्या बसने जातो. गाडी रविवारी काढतो."

"आणि बाकी दिवस?"

"बाकी दिवस मी बघतो. रात्री बाराला या बाजूची त्या बाजूला करायची. नाहीतर सकाळी उचलून नेतात."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी उचलणारा टेम्पो येतोच. भोंग्यातून नंबर पुकारला जातो, एमएच बारा, पुढची अक्षरं घोगऱ्या आवाजात विरतात. चार पोरं उतरतात, एक स्कूटर अलगद उचलून वर चढवतात, मग दुसरी. कपड्याच्या दुकानातून एक बाई पिशव्या सांभाळत धावत येतात. स्कूटर उतरवायची की नाही यावर बोलणी चालू होतात. शेजारच्या मोटारीला कुणी हात लावत नाही. ती जड आहे, तिला वेगळी गाडी लागते.

मी ती करडी गाडी पावलांनी मोजतो. तिला लागणारी जागा, दारं उघडायची सोय धरून, अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. साडेबारा चौरस मीटर. जुन्या हिशेबात सुमारे १३५ चौरस फूट. म्हणजे वाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा थोडी जास्तच. अशा खोल्यांत पेठेत संसार झाले, पोरांच्या मुंजी झाल्या. खोली भाड्याने मागा, मालक काय भाडं सांगेल ते काकांना विचारावं. गाडीची खोली फुकट आहे. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यावेत असं धोरण या शहरात २०१८ साली मंजूर झालं होतं. अगदी सबंध शहरात नको, पाच रस्त्यांवर करून बघू, असं ठरलं. त्यालाही विरोध झाला. धोरण फायलीत राहिलं, गाड्या रस्त्यावर.

"पैसे लावले तर द्याल?" मी काकांना विचारतो.

"का द्यायचे? रोड टॅक्स भरलाय की." ते वारा घ्यायचं थांबवतात. "आणि पैसे घेणार असाल तर समोरच्यांकडूनही घ्या. त्यांच्या तीन आहेत."

लक्ष्मी रस्ता. सूर्य गेलाय, दिवे लागलेत. आकाशकंदील दोरीला टांगलेत, खाली पणत्यांचे ढीग, उटण्याची पाकिटं, मधूनच अत्तराचा भपकारा. साड्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर चढायला रांग. रस्त्यावर गाड्या एकेरी दिशेने चालतात म्हणायचं. खरं तर माणसंच चालतात आणि गाड्या त्यांच्यात अडकलेल्या आहेत. एका मोटारीच्या बॉनेटवर हात टेकून एक बाई सँडलचा पट्टा नीट करतात. ड्रायव्हर काच खाली करून बघतो, काही बोलत नाही.

डिसेंबरातला एक दिवस याच रस्त्याचं वेगळं रूप असतं. ११ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा पादचारी दिन झाला. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा गाड्यांना बंद. पोरं रस्त्याच्या मध्यात क्रिकेट खेळली, रांगोळ्या काढल्या, म्हाताऱ्यांना बसायला बाकं आली. तेव्हापासून दरवर्षी तो दिवस पाळला जातो. मग १२ तारीख उगवते.

"एक दिवस ठीक आहे हो," कापडाच्या दुकानातले शेठ म्हणतात. गल्ल्यावर बसूनच बोलतात, एक डोळा गिऱ्हाइकावर. "रोज बंद केला तर धंदा बसेल. गिऱ्हाईक मॉलला जाईल. तिथे पार्किंग आहे."

"आत्ता गिऱ्हाईक येतं कशाने?"

ते जरा विचार करतात. "बसने येतात. रिक्षाने. टू-व्हीलरवर नवरा-बायको. आता मेट्रोने पुष्कळ येतात, पिंपरीचं गिऱ्हाईक नव्याने सुरू झालं."

"आणि मोटारीने?"

"मोटारीने पण येतात. मुलगा आईला दारात उतरवून देतो आणि गाडी फिरवत बसतो. मग तिला फोन करतो, झालं का, झालं का. ती निम्मी खरेदी सोडून जाते." ते स्वतःच हसतात. "खरं सांगू? गाडीवालं गिऱ्हाईक घाईचं असतं."

दुकानासमोर एकाला एक खेटून आठ स्कूटर. कुणाच्या, असं विचारल्यावर ते कापडाची घडी नीट करू लागतात. सहा नोकरांच्या, एक त्यांची, एक पुतण्याची. सकाळी दहाला लागतात, रात्री नऊला निघतात. गिऱ्हाइकाची जागा कुठे जाते हे या आठ स्कूटर बघून कळतं, पण दिवाळी तोंडावर आहे आणि दुकानात गर्दी आहे. मी जास्त बोलत नाही.

मंडईकडे वळलं की फळांचा वास येतो. सीताफळं, पेरू, पिकत घातलेली केळी. बहुमजली वाहनतळाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलीय. आत भरलंय, एक बाहेर आली की एक आत. रांगेचं शेपूट रस्त्यावर आलंय आणि त्याच्यामागे ज्यांना वाहनतळात जायचंच नाही अशा बस, टेम्पो, रिक्षा अडकल्यात. वॉर्डन पोरगा शिट्टी फुंकून दमलाय. शिट्टी तोंडात तशीच ठेवून तो नुसता हात हलवतो. जागा वाढवली की गाड्या कमी होतील असं समजून हा तळ बांधला. जागा आहे हे कळल्यावर गाड्या आल्या.

तिथेच जमिनीखाली मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ पासून. सरकत्या जिन्यावर पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या एका मावशी खाली बघत थांबतात, मागची रांग थांबते, कुणीतरी "मावशी, हात द्या" म्हणतं. खाली गारवा. फरशी इतकी स्वच्छ की लोक हळू आवाजात बोलतात. तीन डब्यांची गाडी येते. गच्च भरली तर ९०० च्या वर माणसं मावतात. गाडीमागे दीड माणसाने मांडलं तर सहाशे मोटारी. वर वाहनतळापाशी जी रांग आहे तिच्यात तीस-चाळीस असतील.

मला कोथरूडला जायचंय. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. तिथे तेहेतीस मीटर खोलातून वर यायचं, जिन्यामागून जिना. माझ्यासमोर एक कुटुंब आहे. आई, वडील, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि चार पिशव्या, एकीतून आकाशकंदिलाची शेपटी बाहेर. वडिलांच्या बोटात गाडीची किल्ली अडकवलेली, सवयीने फिरवताहेत. गाडी घरी आहे.

"बघ, वीस मिनिटांत," ते बायकोला म्हणतात. "गाडी आणली असती तर अजून मंडईतच असतो."

"खरंय हो. आणि तुमची चिडचिड नाही." ती मुलीच्या कपाळावरचा घाम पुसते. "पाडव्यालासुद्धा असंच जाऊ या."

गाडी खांबांवरून डेक्कनला येते. खाली नदीपात्र, मग कर्वे रस्ता. नळस्टॉपला मेट्रोखाली मोटारींचा पूल, पुलाखाली रस्ता, आणि तिन्ही मजल्यांपैकी हलतो आहे तो आमचाच. पुलावर लाल दिव्यांची माळ. मुलगी काचेला नाक लावून मोजते, तीसच्या पुढे तिचा हिशेब चुकतो आणि ती परत एकपासून सुरू करते.

वनाझ. शेवटचं स्थानक. उतरलेली माणसं जिन्यावरून एकदम खाली येतात आणि पौड रस्त्यावर येऊन थबकतात. फुटपाथ खणून ठेवलाय. बसथांबा पुढे आहे, बस दिसत नाही. रिक्षा मात्र सात-आठ उभ्या आहेत, तोंडं रस्त्याकडे.

"दादा, भुसारी कॉलनी येणार का?"

"नाही."

दुसरा विचारल्याबरोबर मान हलवतो. तिसरा फोनमधून डोकं वर काढतो. "ऐंशी."

"अहो, मीटरने चाळीससुद्धा होत नाहीत."

"मग मीटरवाला बघा."

मुलीचे वडील इकडेतिकडे बघतात. फोनवर रिक्षा मागवायचा प्रयत्न होतो. एक येते म्हणते, रद्द होते, दुसरी येते म्हणते, रद्द होते. चालत जावं तर चार पिशव्या, पेंगुळलेली मुलगी आणि पुढे चढ. मंडईपासून इथपर्यंत तिघांच्या तिकिटाला जवळपास रिक्षावाला मागतोय तेवढेच पैसे पडलेत, हे बायकोच्या लक्षात आलंय. ती बोलून दाखवत नाही. पिशव्या आधी आत ठेवते, मग मुलीला.

"ऐंशी तर ऐंशी, बसा आता," ती म्हणते. "आणि पाडव्याला सरळ गाडीच काढा."